छातीला कान

मी कोंबडा बोलतोय. आरवता येत नाही म्हणून बोलतोय, नाहीतर तुमच्याशी गप्पा मारत बसायची मला काही गरज नव्हती. माझा आवाज होता तेव्हा तीन गल्ल्यांपलीकडचे लोक कानावर उशी घेऊन मला शिव्या घालायचे. आता चोच उघडली की नुसती हवा बाहेर येते. शिवाय डावा डोळा नाही. तो कसा गेला ते सांगतोच, कारण ज्याच्यामुळे गेला तो आत्ता समोरच्या ओट्यावर पाय सोडून बसलाय आणि माझ्याकडे बघतोय. मीही त्याच्याकडे बघतोय. उजव्याने.

त्याला सगळे मिस्त्री म्हणतात. तो कपाटं, पलंग, दारं करतो. घराला लागूनच त्याची पत्र्याची शेड आहे, तिथे करवतीचं मशीन दिवसभर किंचाळत असतं. त्याची बायको ती माझी मालकीण. ती त्याला एरवी 'अहो' म्हणते आणि भांडण झालं की 'मिस्त्री' म्हणते, म्हणजे बहुतेक वेळा मिस्त्रीच म्हणते. माझं नाव तिनेच ठेवलं, जमादार. माझी चाल बघून ठेवलं असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, आणि मला ते आवडतं.

मी अंड्यातून बाहेर आलो तेव्हा आम्ही अकरा भावंडं होतो. तिसऱ्या दिवशी मांजराने दोघांना नेलं, एकावर आईचाच पाय पडला, एक पाण्याच्या थाळीत बुडून मेलं. उरलेले आम्ही एकमेकांना टोचत मोठे झालो. कोंबड्यांच्या प्रेमळ संसाराबद्दल तुम्ही कुठे वाचलं असेल तर विसरा. आमच्यात आधी कोण खाणार हे चोचीने ठरतं, आणि रोज नव्याने ठरतं.

परसात तेव्हा एक म्हातारा कोंबडा होता. आठ महिन्यांचा झालो तेव्हा त्याची नि माझी जुंपली. त्याला डाव सगळे माहीत होते, पण दम माझ्याकडे होता. मी त्याचा तुरा फाडला, मान धरली आणि त्याचे पाय झाडायचे थांबेपर्यंत सोडली नाही. माझ्या छातीची पिसं त्याच्या रक्ताने चिकट झाली होती. मालकीण धावत आली, कपाळावर हात मारून म्हणाली, "मेल्या, अरे बाप होता तो तुझा!" मला काय माहीत? आमच्यात ओळख करून द्यायची पद्धत नाही. त्या दिवसापासून परसातल्या अकरा कोंबड्या माझ्या झाल्या.

त्यातल्या तिघींची नावं तेवढी लक्षात ठेवा. ढवळी, पांढरीशुभ्र, सगळ्यांत जाडी आणि सगळ्यांत भांडखोर. मोडकी, एका पायाने लंगडी, सगळ्यांचा मार खाणारी. आणि काळुंद्री, मालकिणीची लाडकी. मालकीण धुणं वाळत घालायला आली की ही तिच्या खांद्यावर जाऊन बसायची. मालकीण तिच्याशी जेवढं बोलायची तेवढं नवऱ्याशी बोलत नसे.

मग मुंगूस आलं. आमचं जुनं खुराडं म्हणजे चार काठ्या आणि गंजकी जाळी. भरदिवसा, भर उन्हात, जाळीखालून उकरून ते आत शिरलं आणि एकीची मान तोडून गेलं. दुसऱ्या दिवशी आणखी एकीची. मी त्याच्या अंगावर गेलो होतो, हे मुद्दाम सांगतो. माझी शेपटीची पिसं त्याच्या तोंडात राहिली. मिस्त्री मात्र गावभर सांगत सुटला की कोंबडा दांडीवर बसून नुसता बोंबलत होता.

कोंबड्या गेल्या त्यापेक्षा मिस्त्रीला दुसरीच गोष्ट झोंबली. शेजारचा गवंडी हसून म्हणाला, "काय मिस्त्री, लोकांना कपाटं करून देता, आणि स्वतःच्या दारात हे?" झालं. मिस्त्रीने चार दिवस सगळी गिऱ्हाइकं बाजूला ठेवली आणि नवं खुराडं करायला घेतलं.

मिस्त्रीच्या हाताला सवय कपाटाची. त्याने खुराडं केलं तेही कपाटच. जाड फळ्या, सांध्यात सांधा बसवलेला, दोन फळ्यांमध्ये कागद सरकणार नाही इतका घट्ट. छप्पर फळीचं, वर पत्रा. दाराला पितळी कडी. आत बसायला तीन दांड्या, कडा गुळगुळीत घासलेल्या. बाहेरून पॉलिशचा हात. दार लावलं की टप् असा आवाज यायचा, आणि तो ऐकायला मिस्त्री ते पुन्हा पुन्हा लावायचा. "मुंगूस सोड," तो गवंड्याला म्हणाला, "मुंगी शिरून दाखव म्हणावं." गवंड्याने सगळीकडून हात फिरवला आणि मान डोलावली. मिस्त्रीच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

अंथरायला त्याने शेडमधला भुसा आणला. करवतीखाली साठतो तो, पिठासारखा बारीक. चांगला वीतभर थर दिला. रोज संध्याकाळी तो एक पाटी नवा भुसा वरून टाकायचा आणि खालचा जुना तसाच राहायचा. खोटं कशाला बोलू, पहिले काही दिवस आम्हाला चैन वाटली. आम्ही त्यात लोळायचो, पंख झाडायचो, सगळं खुराडं धुरकट व्हायचं. मुंगूस दिवसाही येतं म्हणून आता आम्हाला दिवसाही बाहेर सोडत नव्हते. खाणं आत, पाणी आत, घाण आत.

पहिली शिंक मोडकीला आली. मग ढवळीला. मग रात्रभर कुणी ना कुणी शिंकत राहिलं. डोळ्यांच्या कोपऱ्यात फेस यायला लागला, नाकपुड्या चिकटायला लागल्या. सकाळी दार उघडलं की आतला वास मालकिणीच्या डोळ्यांना झोंबायचा आणि ती पदराने डोळे पुसायची. "गारठ्याने झालंय," ती म्हणाली. थंडीचे दिवस होतेच. तिने पाण्यात लसूण ठेचून घातला आणि दाराच्या वर बोटभर फट उरली होती ती जुन्या गोधडीच्या चिंध्यांनी बुजवून टाकली. तिने ते मायेने केलं. त्या बोटभर फटीजवळ मी बसायचो. ती बुजली तेव्हा पहिल्यांदा माझ्या गळ्यात काहीतरी खरखरलं.

आता एक लाज वाटण्यासारखी गोष्ट सांगतो. कळपात आजारी पाखराला कुणी औषध देत नाही, चोच देतं. मोडकी कोपऱ्यात मान लांब करून श्वास ओढत बसायची. ढवळीने तिच्या तुऱ्याला पहिली चोच मारली. रक्त दिसलं आणि मग सगळ्याच तुटून पडल्या. तिच्या मागच्या बाजूचं कातडं उघडं पडेपर्यंत टोचली तिला. मी मध्ये पडू शकलो असतो. मी जमादार होतो ना? मी मध्ये पडलो नाही. मीही दोन चोची मारल्या. का मारल्या ते मला आजही सांगता येणार नाही, पण रक्ताची चव मात्र आठवते.

मालकिणीने रक्ताने माखलेली मोडकी बघितली आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. तिने अंडीवाल्या मावशींना बोलावलं. या मावशी बाजारात अंडी विकतात, घरी पन्नास-साठ पाखरं पाळतात, आणि त्यांना सगळं कळतं असं सगळ्यांना वाटतं. मावशींनी खुराड्याबाहेर उभं राहूनच हात आत घातला आणि एक कोंबडी बाहेर ओढली. तिची पाठ आपल्या कानाला लावली, डोळे मिटले.

"ऐक, मिस्त्री," त्या म्हणाल्या, "पाखरू उचलायचं, पाठ कानाला लावायची. आत घरघर वाजली की समजायचं, गेलं ते. त्याला ठेवलंस तर बाकीच्यांना घेऊन जाईल. त्याच दिवशी मान कापायची आणि खोल पुरायचं. हात आखडलास तर आठवड्यात रिकामं खुराडं धुऊन ठेवशील."

"एवढंच?" मिस्त्री म्हणाला.

"एवढंच. मन घट्ट कर. जमणार नसेल तर सुरा माझ्याकडे दे."

मिस्त्रीला ते पटलं. कारागीर माणसाला नियम सापडला की त्याचा जीव भांड्यात पडतो. माप घ्यायचं, खूण करायची, कापायचं. त्याने शेडमधून लाकडाची साल सोलायचा जुना सुरा आणला, दगडावर घासला, आणि उरलेल्या एका सागाच्या ओंडक्यावर जागा केली.

मोडकी मागच्या कोपऱ्यात भुशात दडून राहायची, ती त्याच्या हाती लागली नाही. पहिल्या दिवशी ढवळी. तिने त्याच सकाळी अंडं घातलं होतं, ते अजून गरम होतं. त्याने तिला कानाला लावलं, मान हलवली, आणि काखेत धरून शेडमागे नेलं. आम्हाला दिसत नव्हतं, पण ऐकू सगळं आलं, आणि बाकीचं मालकीण नंतर काळुंद्रीशी बोलली. ढवळी भांडखोर होती म्हटलं ना, तिने सहज मान दिली नाही. पहिला घाव नीट बसला नाही. ती त्याच्या हातातून सुटली आणि अर्धी मान लोंबकळत शेडमध्ये पळाली. भुशाच्या ढिगावर गोल गोल फिरली, कुणाच्या तरी अर्धवट कपाटाच्या पांढऱ्या दारावर तिच्या रक्ताचे शिंतोडे उडाले, मग ती ढिगात तोंड खुपसून पडली. मिस्त्री खोकत खोकत तिच्यामागे धावत होता. त्याने दुसरा घाव तिथेच घातला.

दुसऱ्या दिवशी आणखी एक, तिसऱ्या दिवशी दोघी. आता त्याचा हात बसला होता, एका घावात काम व्हायचं. दार उघडलं की आम्ही सगळे मागच्या भिंतीला चिकटायचो, एकमेकांच्या अंगावर चढायचो, भुसा उडायचा, आणि त्या धुळीत सगळ्यांच्याच गळ्यातून घरघर यायची. कोंबड्या घाबरल्यामुळे जास्त वाजायच्या, आणि जी जास्त वाजायची ती जायची. चार गेल्या. शेडमागे चार खड्डे झाले.

नवराबायकोत रोज भांडण पेटायचं. "तुम्ही कापताय की पाळताय?" मालकीण विचारायची. "तुला सगळ्या मेलेल्या हव्यात का?" तो म्हणायचा. ती म्हणायची, "डॉक्टरला दाखवू." तो म्हणायचा, "कोंबडीला डॉक्टर? हसतील लोक." एकदा तर त्याने पाण्याची थाळी लाथेने उडवली, ती तिच्या नडगीला लागली आणि रक्त आलं. दोघंही त्या रक्ताकडे बघत उभे राहिले. मग ती आत गेली, तो शेडमध्ये गेला, मशीन किंचाळायला लागलं.

त्याच दुपारी ती एकटी आली. दार उघडून तिने काळुंद्रीला उचललं, कानाला लावलं, आणि तिचा चेहरा पांढरा पडला. घरघर होती. तिने इकडे-तिकडे बघितलं, काळुंद्रीला ओच्यात घेतलं आणि घरात नेलं. स्वयंपाकघराच्या खिडकीत, उघड्या गजांशी, तिने तिला भाजीच्या पाटीत लपवून ठेवलं. हे मला नंतर काळुंद्रीकडूनच कळलं, आणि ती अजूनही त्याचा तोरा मिरवते.

नडगीच्या त्या रक्तानंतर तीन दिवस त्याने सुरा उचलला नाही. मग माझा नंबर लागला.

त्या सकाळी मी आरवायला मान उंच केली आणि आवाज मध्येच तुटला. मिस्त्री ओट्यावर चहा पीत होता. त्याने कप खाली ठेवला. त्याने मला पंखांना धरून बाहेर काढलं, पाठ कानाला लावली, बराच वेळ ऐकलं. "तूसुद्धा का रे," तो म्हणाला. आवाजात हळहळ होती, हे मला मान्य करावं लागेल. मग त्याने मला उलट फिरवून छातीशी दाबलं आणि शेडमागे निघाला.

माझं डोकं त्याच्या फासळ्यांना दाबलेलं होतं. आणि तेव्हा मी ऐकलं. त्याच्या आत तेच वाजत होतं. तीच घरघर, तोच ओला खरखराट, श्वास आत घेताना बारीक शीळ आणि सोडताना बुडबुडे. ढवळीच्या गळ्यात होती ती, मोडकीच्या गळ्यात होती ती. माणसाची छाती मोठी, म्हणून आवाज मोठा, एवढाच काय तो फरक. मला वाटलं, अरे, हा तर आमच्यातलाच.

पण म्हणून मी मान पुढे करणार नव्हतो. ओंडक्याजवळ त्याने एका हाताने सुरा घेतला तेवढ्यात मी अंग पिरगाळलं आणि दोन्ही पाय झाडले. माझ्या पायामागचं नख त्याच्या गालात शिरलं आणि डोळ्याखालपासून हनुवटीपर्यंत चिरत गेलं. तो ओरडला आणि त्याने मला ओंडक्यावर आपटलं. ओंडक्यातून एक खिळा वर आला होता. माझा डावा डोळा त्यावर गेला. पांढरं काहीतरी चमकलं, मग त्या बाजूला काहीच उरलं नाही. मी त्याच्या मनगटाला चोच मारली, मांस तुटून तोंडात आलं. त्याने गुडघा माझ्या पाठीवर रोवला, माझी मान ताणली आणि सुरा वर उचलला.

सुरा खाली आला नाही. त्याला खोकला आला.

नेहमीचा नव्हता तो. तो कमरेत दुमडला, त्याचं तोंड आधी लाल, मग निळं पडलं, सुरा हातातून गळून भुशात पडला. गालाचं रक्त हनुवटीवरून माझ्या पिसांवर ठिबकत होतं आणि त्याला श्वास मिळत नव्हता. मान लांब करून, तोंड उघडं टाकून तो हवा ओढत होता. मोडकी कोपऱ्यात बसायची ना, अगदी तशी.

मालकीण धावत आली. तिने आधी त्याला बघितलं, मग मला. तिने त्याला उठवलं नाही. खाली वाकून मला उचललं, माझी पाठ कानाला लावली. मग मला काखेत तसंच धरून ती त्याच्या मागे गुडघ्यांवर बसली आणि त्याच्या पाठीला कान लावला. शर्टावरूनच. खूप वेळ लावला.

"सारखंच वाजतंय," ती म्हणाली.

"काय?" त्याला नीट बोलता येत नव्हतं.

"तुमचं आणि याचं. तसूभर फरक नाही." तिने भुशातून सुरा उचलला. "बारा वर्षं मी या आवाजाशेजारी झोपतेय. मला वाटायचं, माणूस घोरतो." ती उभी राहिली. सुरा हातात होता. "नियम एकच ना, मिस्त्री? वाजलं की कापायचं. मग सांगा, आधी कुणाला घेऊ?"

"वेड लागलंय तुला. ठेव तो खाली."

"ढवळीला विचारलं होतंत का तुम्ही?"

तो भुशात बसून राहिला. ती ओरडत होती, मला तिचं काळीज धडधडताना काखेत कळत होतं. "काळुंद्रीलाही घरघर होती! मी लपवली तिला! तीन दिवस उघड्या खिडकीत आहे, औषधाचा थेंब नाही, निम्मी कमी झालीय घरघर. खिडकीत बसून कमी होते ती, कळतंय का? आणि तू या भुशात सकाळपासून संध्याकाळपर्यंत..." ती थांबली. नवऱ्याला तिने 'तू' म्हटलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. "तू मेलास तर मी काय करू रे?"

तिने सुरा परसाच्या भिंतीवरून पलीकडे भिरकावला. तो शेजारच्या गवंड्याच्या वाळूत सापडला, म्हणून पुढे खूप चर्चा झाली.

मालकिणीने बोलावलेली जनावरांची डॉक्टरीण दुपारी आली. किडकिडीत, घाईतली, बुटांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून आत येणारी बाई. मिस्त्रीच्या गालाला टाके पडले होते. मोडकी त्याच सकाळी आत मरून पडली होती. डॉक्टरणीने तिला मिस्त्रीच्या कामाच्या बाकावर ठेवलं आणि गळ्यापासून पोटापर्यंत उघडली. श्वासाची नळी उभी चिरली. आत खाकी रंगाचा चिकट लगदा भरला होता.

"हात द्या," ती मिस्त्रीला म्हणाली आणि तो लगदा त्याच्या बोटांवर ठेवला. "चोळून बघा. तुमच्या ओळखीचं काही लागतंय का?"

मिस्त्रीने अंगठ्याने चोळलं. पुन्हा चोळलं. नाकाजवळ नेलं. लाकूड ओळखायला त्याला डोळे लागत नाहीत.

"साग," तो म्हणाला. मग अगदी हळू म्हणाला, "परवाच्या पलंगाचा."

डॉक्टरीण खुराड्यापाशी गेली, दारातून डोकं आत घातलं आणि लगेच मागे घेतलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "काम सुंदर आहे," ती म्हणाली. "हवा कुठून येते?"

"येत नाही," मिस्त्री म्हणाला. सवयीने म्हणाला, जसा गिऱ्हाइकाला सांगतो तसा.

"रोग आहे, नाही असं नाही. पण तो नंतर शिरला. आधी घाणीच्या वाफेने आणि या भुशाने यांच्या छातीची आतून सालटी निघाली. सगळा भुसा काढा, पेंढा घाला, रोज बदला. वरच्या बाजूला चारही अंगांनी जाळी ठेवा. पाण्यातून औषध देते, आजारी वेगळी ठेवा."

"त्या चार?" मालकिणीने विचारलं. "ज्या कापल्या त्या?"

डॉक्टरणीने हात पुसले. "मी त्यांना बघितलं नाही. पण घरघर ऐकली म्हणून मी तरी कुणाला कापत नाही. काही जगल्या असत्या." मग तिने मिस्त्रीकडे बघितलं. "तुम्ही छातीच्या डॉक्टरकडे जा. आजच जा. माझ्याकडे तुमच्यासाठी औषध नाही, मी फक्त पाखरांचं आणि गुरांचं बघते."

ती गेल्यावर मिस्त्री शेडमध्ये गेला आणि हातकरवत घेऊन आला. तोंडाला बायकोच्या जुन्या लुगड्याचं फडकं बांधलं होतं. त्याने ज्याला हात लावताना पॉलिश उतरेल म्हणून जपलं, त्या खुराड्याच्या भिंतीत त्याने करवत घातली. माप नाही, खूण नाही. कापलं, लाथा घातल्या, कडा फुटल्या तशा फुटू दिल्या. पितळी कडी हातोडीने उखडून टाकली. गवंडी भिंतीवरून डोकावला आणि काही बोलणार होता, पण मिस्त्री रडत होता म्हणून पुन्हा खाली बसला. गालाचे टाके उसवून फडकं लाल झालं तरी तो थांबला नाही.

औषध चालू असताना आणखी एक कोंबडी गेली. आता आम्ही चौघं आहोत, काळुंद्री, दोघी आणि मी. खुराड्याला वर चारही बाजूंनी जाळी आहे, वाकडीतिकडी मारलेली. असं काम बघून गिऱ्हाईक पळून जाईल. वारा येतो. माझा आवाज परत आला नाही. मोडकीच्या जागेवर दांडीवर कुणी बसत नाही, आणि मीही कुणाला बसू देत नाही. उशिरा सुचलेला शहाणपणा, दुसरं काय.

मिस्त्री छातीच्या डॉक्टरकडे गेला. येताना औषधांची पिशवी घेऊन आला. मशीन आता दिवसातून थोडा वेळ चालतं, तोंडाला फडकं असतं, शेडच्या मागच्या भिंतीचा पत्रा काढून टाकलाय. काही कमी झालं, काही कमी होणार नाही, असं मालकीण काळुंद्रीला सांगत होती.

रोज संध्याकाळी ती आम्हाला एकेक करून उचलते आणि पाठ कानाला लावते. पहिल्या दिवशी तिने हात पुढे केला तेव्हा आम्ही भिंतीला चिकटलो होतो, आता नाही चिकटत. आमचं झालं की ती ओट्यावर जाते, नवऱ्याच्या मागे बसते आणि त्याच्या पाठीला कान लावते. तो समोर बघत राहतो. आणि रोज एकच विचारतो, "काय गं, ठेवायचा का कापायचा?"

"आजचा दिवस ठेवू," ती म्हणते, आणि त्याच्या पाठीवर चापटी मारून उठते.

काल त्याने विचारलं आणि ती काही बोलली नाही. कान काढला नाही, उठलीही नाही. अंधार पडेपर्यंत तशीच बसून राहिली. मी खुराड्याच्या जाळीशी होतो, माझा एक डोळा त्याच्याकडे होता आणि त्याचे दोन्ही माझ्याकडे. तो श्वास घ्यायचा, मी मोजायचो. सोडायचा, मी मोजायचो.

मी त्याला माफ केलेलं नाही. ढवळी गेली ती गेली, माझा डोळा गेला तो गेला, आणि त्याच्या गालावरची रेघ माझी आहे, त्याचा मला अभिमान आहे. पण तो गेलेला मला चालणार नाही. आज पहाटे मी आरवायला मान उंच केली, हवाच आली. मग आतून त्याचा खोकला ऐकू आला आणि मी मान खाली घेतली.

तुमच्या घरात कुणाच्या छातीत असं वाजत असेल, तर घोरतोय म्हणून कूस बदलू नका. खिडकी उघडा. जवळ जा, पाठीला कान लावा आणि नीट ऐका. मात्र तेव्हा दुसरा हात रिकामा असू द्या.